लांबून आलात, गूळपाणी घ्या

माझ्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मी तिच्या पाठीमागे बोलतो असं नाही, तिच्यासमोरही बोलतो, आणि तीही ते नाकारत नाही. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाचा जावई नोकरी सोडून घरी बसलाय हे मंजुळाला दुपारी कळलं, तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या विंगांना माहीत झालेलं असतं. त्यात वाईटपणा नसतो. गोष्ट बोलली की सुटते, असं तिला मनापासून वाटतं. आमची एकुलती एक मुलगी, रुचिता, घर सोडून गेली ती आईच्या याच स्वभावापायी.

रुचिताचं लग्न ठरलं होतं, ठाण्याला कोपरीतल्या मुलाशी. हॉल बुक झालेला, पत्रिका छापून आलेल्या. एक दिवस ती आईजवळ बसली आणि तिने सांगितलं, की हॉटेलात बसल्या बसल्या मुलाने तिच्या हातातला फोन काढून घेतला, सगळे मेसेज वाचले आणि वर म्हणाला, लग्नानंतर असलं चालणार नाही. हे तुझ्यापाशीच ठेव, मला विचार करू दे, एवढंच तिने आईकडे मागितलं. मंजुळा दुसऱ्याच दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन कोपरीला गेली. मुलाच्या आईच्या कानावर घालावं, पोराला चार गोष्टी समजावायला सांगावं आणि विषय मिटवावा, असा तिचा हिशेब. त्या बाईने आत्या, काका, मध्यस्थ सगळे गोळा केले. रविवारी आमच्याच हॉलमध्ये, रुचिताला मध्ये बसवून, तिच्या फोनमध्ये काय होतं आणि काय असायला नको होतं यावर मोठ्या माणसांनी चहा पीत चर्चा केली. पोर मान खाली घालून बसली होती. लग्न तिनेच मोडलं. मग कॅनडात नोकरी शोधली आणि गेली. पोचल्याचा मेसेज मला आला, आणि त्यानंतर आमचे दोघांचेही नंबर तिने ब्लॉक केले.

ती गेल्यावर मंजुळा बोलायचीच बंद झाली. आयुष्यभर जिला गप्प बस म्हणून सांगितलं तिची शांतता मला सोसवेना. माझ्या मेव्हणीची मुलगी ऐश्वर्या ठाण्यातच माजिवड्याला राहते, कॉम्प्युटरवरचंच काहीतरी काम करते. तिने मावशीला वाढदिवसाला एक ब्लॉग करून दिला. मावशी, तुला येतं ते सगळं यात लिही, म्हणाली. मंजुळा राजापूरकडची. घावणे, खापरोळ्या, सांदणं, फणसाच्या कुयरीची भाजी. ती एका बोटाने टाइप करायची, आणि एकेका पदार्थात तिची आई, तिची काकू, गावची पडवी असं सगळं यायचं. कोण वाचत होतं देव जाणे, पण ती पुन्हा बोलायला लागली, निदान लिहून तरी.

एका रविवारी ऐश्वर्या जेवायला आली. खापरोळ्या केल्या होत्या, सोबत नारळाचा गोड रस. खाता खाता ती बोलून गेली, की रुचितापण करते ह्या, परवाच तिने फोटो टाकलेला, पिठात शिळा भात वाटून घातला की जाळी मस्त पडते म्हणाली. एवढं बोलून तिने जीभ चावली. मंजुळाने खूप खोदून विचारलं, तेव्हा रुचिता हॅलिफॅक्सला असते एवढंच तिने सांगितलं. मावशी, मला मध्ये घेऊ नको, ती मलापण तोडेल, असं म्हणाली आणि हात धुवायला उठली.

ती गेल्यावर मंजुळा भांडी तशीच टाकून माझ्याजवळ आली.

"अहो, शिळ्या भाताचं मी रुचिता गेल्यानंतर शोधून काढलं," ती म्हणाली. "घरी कधी केलं नव्हतं. ते फक्त ब्लॉगवर आहे."

मला अर्थ लागायला जरा वेळ लागला. आमची पोर आमच्याशी बोलत नव्हती, पण आईच्या ब्लॉगवर येत होती. निदान एकदा तरी आली होती. एकदाच की रोज, हे मंजुळाला कळायला हवं होतं. तिला दुसरं काही नकोच होतं. फोन नको, पैसे नको, माफीसुद्धा नको. ती येते एवढं फक्त दिसायला हवं.

आता हे दाखवायचं कसं, ते माझ्या गळ्यात पडलं. मी वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करण्यात उमेदीची वर्षं घालवली. ज्याने एवढी मोठी पॅनेलं जोडली त्याला एक ब्लॉग काय जड, असं मंजुळालाही वाटलं आणि दुर्दैवाने मलाही. शोधल्यावर एक प्लगिन मिळालं. ब्लॉगवर कोणत्या गावाहून माणूस आला ते जगाच्या नकाशावर ठिपक्याने दाखवणारं. फुकटातलं होतं, त्यामुळे नकाशा ब्लॉगच्या पानावरच दिसणार, फक्त आपल्याला दिसतो त्या आतल्या डॅशबोर्डवर वेगळा दिसायचा नाही. आम्हाला काय, कुठेही दिसला तरी चालणार होतं.

मी ते इन्स्टॉल केलं. हिरव्या पट्टीत तसं लिहूनही आलं. ब्लॉग उघडला तर नकाशाचा पत्ता नाही.

पुढचे कित्येक दिवस यातच गेले. आधी कळलं, की नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही, ते ॲक्टिव्हेट करावं लागतं. म्हणजे बोर्डावर बटण बसवलं, पण मेन स्विच बंद. ते केलं. तरी नकाशा नाही. मग कळलं, की प्लगिनने नकाशाची एक चौकट, म्हणजे विजेट, दिलंय, ते उचलून पानाच्या कडेच्या पट्टीत, साइडबारमध्ये, नेऊन ठेवायला हवं. आमच्या ब्लॉगच्या थीमला, म्हणजे पानाच्या तयार मांडणीला, साइडबारच नव्हता. मी थीम बदलली, तर मंजुळाचं नाव गायब आणि सांदणांचे फोटो आडवे. ऐश्वर्याला फोन केला, तर काका तुम्ही हात लावू नका, मी सवडीने बघते, म्हणाली. तिला सवड कधी मिळणार आणि तोवर इथे हिचं काय होणार? मी जुनी थीम परत आणली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार चालला होता.

या सगळ्या वेळात मंजुळा माझ्या खुर्चीमागे उभी. हाताला पीठ, नाहीतर खोबऱ्याचा कीस. "दिसतंय का?" एवढाच तिचा प्रश्न. मी नाही म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. अगं, नकाशा दिसत नाही म्हणजे ती येत नाही असं नव्हे, हे मी तिला परोपरीने समजावलं. डोक्याने तिला पटायचं, पण पुढच्या वेळी मी नाही म्हटलं की पुन्हा तेच. शेवटी मी खोटं बोलायला लागलो, की आज थोडं पुढे सरकलंय. स्वतःवरही चिडायचो आणि तिच्यावरही. एकदा लॅपटॉप जोरात मिटला, तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली. मग मला फार वाईट वाटलं.

शेवटी युक्ती सापडली. आमच्या थीममध्ये साइडबार नसला तरी पानाच्या तळाशी विजेट ठेवायला जागा होती. मी तिथे ठेवलं. तरी दिसेना, कारण लॅपटॉपने जुनंच पान साठवून ठेवलं होतं. ते साफ केलं. मग मंजुळाच्या फोनवर ब्लॉग उघडला आणि बोटाने खाली, खाली, खापरोळ्यांचं सगळं साहित्य आणि कृती संपवून, प्रतिक्रियांच्या चौकटीच्याही खाली गेलो. तिथे तळाला तो नकाशा होता. त्यावर एकच ठिपका, डोंबिवली. म्हणजे आम्हीच.

"आलं," मी म्हटलं. मंजुळाने फोन माझ्या हातातून घेतला आणि ती खुर्चीवर बसली, पिठाच्या हातांनी.

दोन-तीन दिवसांत ठाण्याचा ठिपका आला. ती ऐश्वर्या. एक नाशिकचा, एक कुठलातरी हैदराबादचा. मग एका सकाळी मी दूध तापवत असताना मंजुळाने मला हाक मारली. तिचा आवाज ऐकून मी गॅस बंद करून धावलो. नकाशावर कॅनडाच्या पार कडेला, समुद्राला लागून, एक ठिपका होता, आणि खालच्या यादीत हॅलिफॅक्स. मंजुळाने त्यावर बोट ठेवलं. स्क्रीन हलली, म्हणून तिने घाबरून बोट उचललं. मी चष्मा पुसायचं निमित्त करून बाल्कनीत गेलो. मुलगी जिवंत आहे, जेवतेखातेय, आणि आईचं वाचतेय. बापाला आणखी काय हवं असतं?

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात सणासारखे गेले. हॅलिफॅक्सचा ठिपका रोज नाही, पण एकाआड एक दिवस असायचा. मंजुळा आंघोळ करून, देवाला दिवा लावून, मगच फोन उघडायची. तिच्या लिहिण्यात फरक पडला. प्रमाण आधी चार माणसांचं असायचं, ते एका माणसाचं झालं. तांदूळ एक वाटी, जेमतेम दोन घावणे होतील एवढे. मी चिडवलं, की लोकांना वाटेल नवऱ्याने सोडलेल्या बाईचा ब्लॉग आहे. ती हसली. नारळ मिळाला नाही तर डब्यातलं दूध चालेल, असंही लिहायला लागली. डब्यातल्या दुधाला आयुष्यभर नाक मुरडणारी बाई. आणि सगळ्यात मोठा चमत्कार म्हणजे हे तिने सोसायटीत कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या भावनाताईंनासुद्धा नाही. तीळ पहिल्यांदाच भिजत होता, आणि मला तिचं कौतुक वाटत होतं.

मग तिच्या मनाने घेतलं, की हे बरोबर नाही.

आमच्याकडे गावी कुणीही दारात आलं, ओळखीचं असो वा नसो, आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे करायचं. कशाला आलात हे नंतर विचारायचं. मंजुळा डोंबिवलीत कुरिअरवाल्यालाही गूळपाणी विचारते. तो पोरगा गोंधळतो, पण पाणी पितो. पाणी न विचारता माणूस दारातून परत गेला, तर तिला त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

"पोरगी दारापर्यंत येते आणि तशीच परत जाते," ती म्हणाली. "आपण साधं ये म्हणत नाही. हे काय वागणं झालं?"

त्याच प्लगिनमध्ये एक सोय होती. आलेल्या माणसासाठी पानाच्या अगदी वर एक पट्टी दिसायची आणि त्याच्या गावाचं नाव त्यात आपोआप यायचं. पुढचा मजकूर आपण लिहायचा. मंजुळाने तो एका बोटाने टाइप केला. मला त्यात काही गैर दिसलं नाही, हे इथे कबूल केलेलं बरं. उलट हुरूप आला. तळाशी कोपऱ्यात पडलेला नकाशाही मी त्या पट्टीखाली वर आणून ठेवला. येणाऱ्याला दारातच दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. पट्टी आधी दिसेना, मग दिसली तर गावाच्या जागी नुसते कंस. एक अख्खी दुपार गेली. संध्याकाळी फोन उघडला, तर वर ठसठशीत अक्षरांत आलं, "डोंबिवलीहून आलात. लांबून आलात, गूळपाणी घ्या."

मंजुळा इतकी खूश झाली, की खरोखरच वाटीत गूळ आणि पेल्यात पाणी घेऊन आली. मी गूळ खाल्ला. एवढ्या दिवसांच्या मेहनतीचं चीज झालं होतं.

दुसऱ्या सकाळी हॅलिफॅक्सचा ठिपका होता. मंजुळा दिवसभर गुणगुणत होती. तिने तोंडल्याची भाजी लिहिली, एका माणसाची.

त्या दिवसानंतर ठिपका आला नाही.

पहिले काही दिवस कामाची वेळ बदलली असेल, म्हणालो. मग ताप आला असेल. मग तिकडे बर्फ पडतो, इंटरनेट जात असेल. माझ्या मनात मात्र वेगळंच, की वायरिंगमध्ये काहीतरी बिघडलंय. मी प्लगिन बंद केलं, चालू केलं, काढलं, पुन्हा घातलं. ठाण्याचा ठिपका येत होता, नाशिकचा येत होता. जोडणी ठीक होती. मंजुळा लिहीतच राहिली, रोज एक, कधी दोन. जे रुचिताला लहानपणी आवडायचं ते सगळं एकेक करून काढत होती, आणि ते बघणं माझ्याच्याने होत नव्हतं.

एका सकाळी मी डॅशबोर्डवर गेलो, तर डाव्या बाजूला प्रतिक्रियांपाशी एकाचा आकडा दिसला, आजवर तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आमच्याकडे प्रतिक्रिया लगेच पानावर येत नाही. ती आत थांबते, आपण मंजूर केली तरच सगळ्यांना दिसते. ऐश्वर्यानेच तसं करून ठेवलं होतं, जाहिरातींचा कचरा येऊ नये म्हणून. मला वाटलं, तोच कचरा असेल. उघडली. नावाच्या जागी नुसतं "र" होतं. तोंडल्याच्या भाजीखाली लिहिलेली, मंजुळा गुणगुणत होती त्याच दिवशी, रात्री उशिरा. इतके दिवस ती तिथे पडून होती आणि मी वायरिंग तपासत बसलो होतो.

मंजुळाला हाक मारण्याआधी मी ती दोनदा वाचली. मग हाक मारली. तिला चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून मला म्हणाली, तुम्हीच वाचा. मी वाचलं.

"आई, मी येते हे तुला कळायला नको होतं. ही एवढी एकच जागा होती जिथे मी तुझ्याजवळ बसायचे आणि तू मला काही विचारायची नाहीस. आता इथेही सगळ्यांसमोर माझं गाव लिहिलंय. मी येत नाही आता. भाजी चांगली झाली होती."

माझ्या हाताखालून मंजुळाने लॅपटॉप ओढला आणि उत्तराच्या चौकटीत लिहायला लागली. रुचिता, बाळा, माझं चुकलं. मग पुसलं. मग पुन्हा लिहिलं, की मला माहीत नव्हतं गं. तेही पुसलं. मला वाटलं आता ही जन्मभराचं सगळं बोलून टाकणार. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"मी उत्तर दिलं तर पुन्हा तेच होईल," ती म्हणाली. "काढा ते सगळं."

मी पट्टी काढली. नकाशा काढला. प्लगिन बंद करून पार पुसून टाकलं. मशीनने विचारलं, नक्की का, ही माहिती परत मिळणार नाही. मी मंजुळाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. ठिपके गेले, आमचाही गेला. ब्लॉग पहिल्यासारखा झाला, नुसती नावं, साहित्य आणि कृती. जे दिसावं म्हणून जिवाचं रान केलं ते पुसायला दोन बटणं पुरली.

ऐश्वर्याला काही विचारायचं नाही, असं मंजुळाने मला बजावलं. स्वतःही विचारत नाही. ऐश्वर्या येते, जेवते, जाते. एकदा तीच आपणहून रुचिताबद्दल काहीतरी सांगायला लागली, तर मंजुळाने आणखी भात वाढू का म्हणून विषय तोडला. आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. तिला वाटलं, नळाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही.

ती अजून लिहिते. प्रमाण एका माणसाचंच असतं. रुचिता परत यायला लागली की नाही हे आम्हाला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची एकही वाट आम्ही ठेवलेली नाही. ती प्रतिक्रिया तेवढी आत आहे. आम्ही ती मंजूर केली नाही, कचऱ्यातही टाकली नाही. सकाळी आंघोळ झाली, देवाला दिवा लावला, की मंजुळा डॅशबोर्ड उघडते, ती प्रतिक्रिया सगळी वाचते आणि शेवटच्या ओळीवर थांबते. भाजी चांगली झाली होती.

परवा मला म्हणाली, "तिने केली होती हो भाजी. एकटीने करून खाल्ली." मी हो म्हटलं. मग ती आणखी काहीतरी बोलणार होती, ते तिने गिळलं, आणि पीठ भिजवायला उठली.